"तू नुसते ओठ हलव" : शाळेचं समूहगान, बाई आणि पेटीची पट्टी

चिंचगुळी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात पडीक असते, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय. सांभाळून घ्या.

लेक तिसरीत आहे. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाची अनुदानित शाळा. नाव देणार नाही, विचारू नका. केंद्रस्तरावर समूहगीताची स्पर्धा आहे आणि त्यासाठी तिसरी-चौथीतली बावीस मुलं निवडली आहेत. पाठ्यपुस्तकातल्याच एका कवितेला बाईंनी स्वतः चाल लावली आहे. चाल गोड आहे, मलाच दिवसभर भाकऱ्या थापताना सुचत असते.

दोन आठवडे पोरगी घरभर गात होती. आजोबांच्या डब्यावर केरवा, आजीच्या पाटावर केरवा. गेल्या गुरुवारपासून एकदम गप्प. मला वाटलं घसा बसला, म्हणून हळददूध दिलं. शनिवारी संध्याकाळी आतल्या खोलीत गेले तर ही आरशासमोर उभी. अख्खं गाणं म्हणत होती, आवाज न काढता. ओठ हलत होते, मान हलत होती, श्वाससुद्धा बरोबर जागच्या जागी घेत होती. विचारलं तर म्हणाली, "बाई म्हणाल्या, तुझा सूर लागत नाही, तू नुसते ओठ हलव. मी प्रॅक्टिस करतेय."

रडली वगैरे नाही. उलट मलाच विचारलं, "नीट हलतायत का?"

बाईंबद्दल गैरसमज नको. त्या चौथीच्या वर्गशिक्षिका आहेत, संगीताच्या म्हणून नेमलेल्या नाहीत. गांधर्वच्या संगीत परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्यात म्हणून हे काम आपसूक त्यांच्या गळ्यात. पेटी त्यांची स्वतःची, स्कूटीवर पुढे पायाशी ठेवून आणतात. शाळा सुटल्यावर पाऊण तास बसवतात, त्याचा एक रुपया मिळत नाही. त्यामुळे जाऊन भांडावं असं वाटत नाही. पण गप्पही बसवत नाहीये.

पोर खरंच बेसूर आहे का, हे कसं कळतं? आणि असली तरी आठव्या वर्षी कुणाला असं सांगतात का?

---

वाचनमात्र | सोमवार, रात्री १०.५८

"नीट हलतायत का?" ... बास. पुढचं वाचवलं नाही.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ११.१५

लोक चिडतील, तरी लिहितो. स्पर्धा ही स्पर्धा असते. बावीस मुलांत एक सूर सोडून गायला लागलं तर बाकी एकवीस जणांची मेहनत पाण्यात. कबड्डीत ज्याला दम धरता येत नाही त्याला चढाईला पाठवतो का आपण? बाईंनी मुलीला काढून टाकलं नाही, रांगेत ठेवलं, म्हणजे चांगुलपणाच म्हणायचा. आजकालच्या पालकांना पोराला कुणी काही बोललेलं खपत नाही.

---

टाळकरी | सोमवार, रात्री ११.४०

मी पाचवीत होतो. पंधरा ऑगस्ट. "तू मागे उभा राहा आणि तोंड हलव." शब्द सुद्धा तेच.

आता वय ५१. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दहा दिवस मी टाळ वाजवतो. सगळ्यांना वाटतं मला टाळाची आवड आहे.

---

भाता | मंगळवार, सकाळी ६.२०

चिंचगुळीताई, तीस वर्षं शाळांमध्ये संगीत शिकवून निवृत्त झालो. त्यातली पहिली दहा वर्षं मीही मुलांना ओठ हलवायला सांगत होतो, हे आधी कबूल करतो. म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

मुलगी बेसूर आहे की नाही ते नंतर बघू. आधी एवढं सांगा:

बाई पेटीवर कुठल्या पट्टीत वाजवतात? गाण्याची पहिली ओळ खाली सुरू होते की वर? मुलगी रांगेत कुठे उभी असते? आणि घरात एकटी गाते तेव्हा गाणं ओळखू येतं का?

---

चिंचगुळी | मंगळवार, सकाळी ९.०५

काका, वर्गाच्या ग्रुपवर तालमीचा व्हिडिओ आहे, त्यावरून सांगते. पेटीतलं मला कळत नाही, पण आमच्या शेजारच्या भजनी मंडळातल्या आजोबांना दाखवला. ते म्हणाले काळी चार, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. गाणं खालून सुरू होतं आणि कडव्यात वर जातं. लेक बुटकी आहे म्हणून पहिल्या रांगेत, माईकच्या अगदी समोर. घरी गाते तेव्हा चाल स्पष्ट ओळखू येते. मुद्दाम ऐकलं, तर ती शाळेतल्यापेक्षा बरंच वरून गाते.

व्हिडिओत पहिल्या ओळीला तिचा आवाज भुंग्यासारखा एकाच जागी घुमतो, आणि कडवं आलं की बरोबर लागतो. हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं माझ्या.

---

भाता | मंगळवार, सकाळी १०.३०

मग पोरीचा काही दोष नाही. सविस्तर लिहितो, कारण ही चूक महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांत रोज सकाळी परिपाठाला होत असते. (निम्म्या हा माझा अंदाज, कुणी मोजलेलं नाही.)

काळी चार ही बायकांच्या गळ्याची पट्टी. बाईंनी सगळ्या परीक्षा त्याच पट्टीत दिल्या असणार, बोटं त्याच पट्टीवर बसलेली. त्यांचा सा म्हणजे मधल्या सप्तकाच्या खालची काळी चार. तुमचे आजोबा चालीचा सगळ्यात खालचा स्वर कुठला सांगतात ते विचारा. माझा अंदाज, मंद्र धैवत (खालच्या सप्तकातला ध) असेल. म्हणजे त्याही खालची पांढरी चार. तिथे आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यात आवाजच नसतो. स्वरयंत्र एवढंसं, तारा आखूड. सतारीच्या चिकारीतून खर्ज मागण्यासारखं आहे ते.

मग मुलं काय करतात? तीन प्रकार. काही पुटपुटतात, ती बाईंना ऐकूच येत नाहीत म्हणून "सुरात" धरली जातात. काही ओरडतात, छातीतून, शिरा ताणून. त्याला आपण "जोशात गातात" म्हणतो. आणि जी प्रामाणिक असतात ती आपल्या गळ्यातल्या सगळ्यात खालच्या स्वरावर थांबून तिथेच घुमत राहतात. तुमची लेक तिसऱ्या प्रकारातली, त्यात आवाज मोठा, त्यात माईकसमोर. पकडली गेली.

घरी करून बघा. मोबाईलवर तानपुऱ्याचं किंवा पेटीचं ॲप घ्या. मुलीला गॅलरीत उभं करा आणि खालच्या मैत्रिणीला हाक मारायला सांगा, लांब, "एऽऽऽ" अशी. ओरडायचं नाही, हाक मारायची. हाकेत मूल घसा आवळत नाही, आवाज आपोआप डोक्यात चढतो. तोच आवाज धरून हळूहळू घसरगुंडीसारखं खाली यायला सांगा. जिथे आवाज विरतो, खरखर सुरू होते, ती पट्टी लिहून ठेवा. दोन-तीन दिवस करा, एका दिवसावर जाऊ नका. गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर त्या पट्टीच्या वर राहायला हवा. एवढंच शास्त्र.

स्पष्टवक्ते, कबड्डीचं उदाहरण चांगलं आहे. पण इथे मैदानाची मध्यरेषा मोठ्या माणसाच्या ढांगेने आखली आहे.

---

कानघसा | मंगळवार, दुपारी १.१०

पेशाने कान-नाक-घशाचा डॉक्टर. भाताकाकांनी दुसरा प्रकार सांगितला ना, शिरा ताणून ओरडणारी मुलं, ती पुढे माझ्याकडे येतात. लहान मुलांचा आवाज महिनोन्‌महिने घोगरा राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे स्वरतंतूंवर आलेल्या छोट्या गाठी, आणि त्या येतात ओरडण्याने. हाताला घट्टे पडतात तसंच. बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, आवाज वापरायची पद्धत बदलली की विरतात. पण पालक येतात ते "सिरप द्या, स्नेहसंमेलन आहे" म्हणून.

हळददुधाने सूर लागत नाही, पण पाजत राहा, वाईट काही नाही.

---

खडूफळा | मंगळवार, रात्री ९.३५

मराठवाड्यातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतून लिहितोय. पहिली ते पाचवी, आम्ही दोघं.

सगळे बाईंच्या पट्टीवर तुटून पडायच्या आधी जरा जमिनीवरचं सांगतो. पहिली ते पाचवीला संगीत शिक्षक नावाचं पद कायद्याने मागितलेलंच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक आहेत, पण ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभराच्या वर असेल तर. खालच्या वर्गांना जो वर्गशिक्षक तोच गायक, तोच चित्रकार, तोच पंच. चिंचगुळीताईंच्या शाळेला मध्यमा झालेल्या बाई मिळाल्या, हे नशीब आहे हो. आमच्याकडे मी आहे. मला सा कुठे आणि प कुठे ते यूट्यूबवर कळलं.

आमचा परिपाठ सांगू? राष्ट्रगीत, राज्यगीत (१९ फेब्रुवारी २०२३ पासून), प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत व्हायला हवं, आमचं व्हायचं सव्वा मिनिटात, कारण पहिलीची पोरं प्रत्येक ओळीला मागे राहायची आणि मोठी त्यांना घ्यायला थांबायची. ढोलकी चौथीतला एक पोरगा वाजवतो. त्याच्या घरात वाघ्यामुरळीची परंपरा आहे. त्याने पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "गुरुजी, सम कुठंय तुमची?" तेव्हापासून तो दादरा-केरव्यात माझा गुरू.

पण भाताकाका, तुमचं पट्टीचं वाचून काल-परवाचं एक कोडं सुटलं. आमच्या शाळेत राष्ट्रगीत जो विद्यार्थी त्या दिवशी पुढे उभा असेल तो सुरू करतो. कधी छान होतं, कधी "जय हे, जय हे"ला सगळ्यांच्या चिमण्या होतात. मला वाटायचं पोरं दंगा करतात.

---

भाता | बुधवार, सकाळी ६.०५

खडूफळा, चिमण्याच होणार. सुरुवात सा वर आहे आणि "जय हे" थेट तार सा ला जातं, म्हणजे अख्खं सप्तक वर. ज्याने सुरुवात उंच केली त्याने सगळ्यांना तिथे नेऊन लटकवलं. उद्यापासून परिपाठाआधी मोबाईलवर पांढरी एक किंवा काळी एकचा सूर दहा सेकंद वाजवा, मुलांना फक्त "ऊं" म्हणू द्या, आणि मग सुरू. पेटी लागत नाही, खर्च शून्य.

आणि "पहिलीची पोरं मागे राहतात" याचा इलाज गाण्यात नाही, पायात आहे. जागच्या जागी पाऊल टाकत म्हणायला लावा, वेग एक होतो.

---

फणसपोळी | बुधवार, सकाळी ११.५०

सासष्टीतून नमस्कार. मराठी शाळेत शिकले, पण घरासमोर इगर्ज (चर्च), त्यामुळे माझ्या कानावर दोन्ही तऱ्हा पडल्या आहेत.

आमच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सूर वाचायला शिकवण्याची रीत पोर्तुगीज काळापासूनची. गावातला मेस्त व्हायोलिन काखेत मारून यायचा आणि पोरांकडून सोल्फ (डो-रे-मी) घोकून घ्यायचा. शब्द नंतर, आधी स्वर. शेजारच्या मैत्रिणीबरोबर मी बाहेर पायरीवर बसून ते ऐकायचे, आणि घरी येऊन सारेगम म्हणायचे. आई म्हणायची, हे काय धेडगुजरी.

मुद्दा असा की तिथल्या कोरात कुणाला गप्प करायची वेळच सहसा येत नसे. आवाज वर जात नाही? आल्तोत जा. अजून खाली? थांब, मोठा हो, तेनोर होशील. प्रत्येकाला आपली वेगळी ओळ. आपल्या समूहगानात सगळ्यांनी एकच ओळ एकाच स्वरात म्हणायची असते, मग ज्याला ती ओळ बसत नाही त्याला जागाच उरत नाही. एकसुरात गाण्याची मजा वेगळी आहे, मी ती नाकारत नाही. भजनात दोनशे माणसं एका सुरात आली की अंगावर काटा येतो. पण आठ वर्षांच्या पोरांसाठी एखादा घुमणारा सा धरून ठेवणारी रांग करता येणार नाही का? जी पोरं एकाच स्वरावर थांबतात त्यांना तोच स्वर धरायचं काम द्या. तानपुरा म्हणून उभी राहतील.

---

स्पष्टवक्ता | बुधवार, दुपारी १२.२०

म्हणजे आता स्पर्धेत मुलं "ऊंऊं" करत उभी राहणार आणि परीक्षक टाळ्या वाजवणार. चालू द्या.

आणि समजा, पट्टी बदलूनही मुलगी बेसूर निघाली तर? ते कुणीच बोलत नाहीये.

---

चिंचगुळी | बुधवार, दुपारी १२.३१

निघाली तर निघाली. तुम्ही रोज इथे लिहिता, शुद्धलेखनाच्या चुका असतात, आम्ही तुम्हाला नुसती बोटं हलवायला सांगितलंय का?

---

संपादक | बुधवार, दुपारी १२.४०

मंडळी, व्यक्तिगत होऊ नका. (प्रतिसाद मात्र उडवत नाही.)

---

बर्फातला_पोहा | बुधवार, रात्री ११.५५

न्यू जर्सीहून. इथल्या प्राथमिक शाळेत धाकटा चौथीत आहे आणि कोरसमध्ये आहे. चाचणी नाही, नाव दिलं की आत. साठ-सत्तर पोरं पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्यांवर उभी करतात.

त्यांच्या संगीताच्या बाई हाताच्या खुणा वापरतात. डो म्हणजे कमरेपाशी मूठ, सो म्हणजे छातीसमोर आडवा तळवा, असं. मी चौकशी केली तर कळलं की या खुणा मूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या, जॉन कर्वेन यांनी रूढ केलेल्या, आणि पुढे हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीने त्या जगभर नेल्या. कोदाय यांच्या गावी, केचकेमेटला, १९५० मध्ये रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. रोज! आपल्याकडे रोज फक्त गणिताला म्हणतात.

पण सगळं गोडच आहे असं नाही. बाई दोन शाळांत मिळून शिकवतात, आठवड्याला एकच तास. आणि मुलगा मला म्हणाला, "आई, मी पण कधीकधी तोंडच हलवतो, शब्द आठवत नाहीत तेव्हा." म्हणजे त्याला कुणी सांगितलं नाही, तो आपखुशीने करतो. फरक आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये दोघंही सारखीच दिसतील.

एक गोष्ट मात्र उपयोगी वाटली. बाई स्वतः गाऊन दाखवत नाहीत, आधी एका मुलाला गायला लावतात, मग बाकीचे. म्हणतात, मुलाला मुलाचा आवाज चटकन पकडता येतो.

---

भाता | गुरुवार, सकाळी ६.१५

पोहेताई, लाख बोललात. पुरुष शिक्षकांचं तर आणखी अवघड. मी माझ्या काळी एकमध्ये "सा" म्हटला की निम्मी पोरं माझ्यासारखा जाड आवाज काढायला बघायची. त्यांना स्वर एक सप्तक वर घ्यायचा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे मी पेटीवर फक्त एक स्वर धरायचो आणि एका पोरीला उभं करायचो. ती म्हणे, बाकीचे म्हणत. भात्याचा आवाजही कमी करायचो. पेटी मोठी वाजली की मुलं तिच्यावर मात करायला ओरडतात.

अवांतर: शाळाशाळांत आजही म्हटल्या जाणाऱ्या दोन हिंदी प्रार्थना, एक १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली आणि दुसरी १९७१ च्या 'गुड्डी'मधली, दोन्हींच्या चाली वसंत देसाईंच्या. सिनेमाची गाणी, पण लहान गळ्यांना झेपतात. उड्या नाहीत, हरकती नाहीत, श्वास घ्यायला जागा ठेवलेली. आजकाल स्पर्धेसाठी चाली बसवणाऱ्यांनी त्या समोर ठेवून बघाव्यात. परीक्षकांना दाखवायला पोरांच्या गाण्यात तान कशाला घालतात, मला कळत नाही.

---

चिंचगुळी | शुक्रवार, रात्री १०.१०

अपडेट.

तीन दिवस हाक मारायचा प्रयोग केला. पहिल्या दिवशी खालच्या मैत्रिणीला वाटलं खेळायला बोलावतेय, ती वर आली आणि दोघी निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नीट जमलं. लेकीचा आवाज मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी सहाला विरतो. दोन्ही दिवस तिथेच. आणि भजनी आजोबांनी चाल पेटीवर काढून बघितली. काका, तुमचा अंदाज खरा, मंद्र धैवत. शाळेच्या पट्टीत तो पांढरी चारला येतो, म्हणजे पोरीच्या गळ्याच्या तळापेक्षा काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली. आजोबांनी सा काळी एकला धरला तर तोच धैवत काळी पाचला आला, आणि लेकीने पहिली ओळ घडाघडा म्हटली. मी स्वयंपाकघरात होते. कुकरची शिट्टी मोजायची विसरले.

आज बाईंना भेटले. सोबत डबा नेला होता, रिकाम्या हाताने कसं जायचं. "तुम्ही चुकलात" असं म्हटलं नाही, व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, बाई, पहिल्या ओळीत हिचं असं होतं आणि कडव्यात असं होतं, का होत असेल? त्यांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "पहिल्या ओळीला सगळीच पुटपुटतायत की हो." थोडा वेळ पेटीकडे बघत बसल्या.

नंतर अडचणी सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. एक, काळी एकला सा धरला तर कडव्यात वर त्यांचाच आवाज फाटतो, मग पोरांना गाऊन कोण दाखवणार? दोन, तबला. तबला वाजवणारा सातवीतला मुलगा आहे, शाळेचा तबला ढाला (खालच्या सुराचा), काळी चारला लावलेला. काळी एकला चढवला तर पुडी (वरचं कातडं) जाईल, आणि नव्या पुडीचे पैसे कुणाकडे मागायचे? तीन, स्पर्धा पुढच्या शनिवारी.

पहिलीवर मी पोहेताईंचं सांगितलं. दुसरीवर गप्प बसले. कुणाला माहिती आहे का?

---

भाता | शुक्रवार, रात्री १०.१८

तबल्याला हातसुद्धा लावू नका! काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चार. तबला पंचमात लावलेला उत्तम चालतो. जसा आहे तसा ठेवा, गाणं वर न्या. बाईंना एवढं वाक्य पाठवा, त्या मध्यमा झाल्यात, त्यांना लगेच कळेल. घाईत सुचलं नसेल.

---

चिंचगुळी | शुक्रवार, रात्री १०.३५

पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. मग कपाळावर हात मारणारी बाहुली आली. मग "उद्या सकाळी ८ ला सगळ्यांना पाठवा".

---

खडूफळा | शनिवार, दुपारी २.४०

इकडचंही थोडं. काळी एकचा सूर दहा सेकंद, मग राष्ट्रगीत. जागच्या जागी पाऊल. गुरुवारी ५८ सेकंद, आज ५४. ढोलकीवाला म्हणाला, "गुरुजी, आज सगळे एका घरातले वाटले."

पालकांतल्या एकांनी विचारलं, सकाळी शाळेत मोबाईलवर काय ऐकत उभे असता?

---

स्पष्टवक्ता | शनिवार, सायंकाळी ५.०५

मी घरी नातवाला गॅलरीतून हाक मारायला सांगितली. पांढरी सातला विरतो. आम्ही त्याला ज्या क्लासला घालतो तिथे सा काळी चारला धरतात. सोमवारी बोलणार आहे.

शुद्धलेखनाबद्दल: मान्य.

---

चिंचगुळी | रविवार (पुढच्या आठवड्यात), सकाळी १०.२०

स्पर्धा काल झाली. नंबर आला नाही. आमच्या मुलांचं शेवटचं कडवं चालू असताना वेळ संपल्याची घंटा झाली, कारण नव्या पट्टीत बसवताना सुरुवातीचा पेटीचा तुकडा लांबला आणि तो कापायचं सगळेच विसरले. बाईंनी ते लगेच स्वतःवर घेतलं.

गाणं मात्र ऐकण्यासारखं झालं. आरडाओरड नाही. चौथीतला एक किडकिडीत मुलगा पहिली ओळ एकटा म्हणतो आणि मग बाकीचे एकवीस मिळतात. लेक अजून पहिल्याच रांगेत, पण माईक आता मागे सरकवलाय. आवाजासकट गायली. पहिल्या ओळीला अजून एका जागी घसरते, बाई म्हणाल्या दिवाळीपर्यंत जाईल.

बाई पेटी गुंडाळत होत्या तेव्हा जवळ गेले. काळी एकच्या पट्टीवर त्यांनी कपाळाची एक लाल टिकली चिकटवली आहे. म्हणाल्या, "बोटं सवयीने काळी चारलाच जातात हो. ही दिसली की थांबतात."

आणखी एक म्हणाल्या, पण ते इथे लिहायचं की नाही याचा दोन तास विचार केला. त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांच्या लहानपणी शाळेत त्यांनाही ओठच हलवायला सांगितलं होतं. म्हणून त्या गाणं शिकायला गेल्या. "आणि बघा ना, तोंडातून तेच वाक्य आलं."

---

वाचनमात्र | रविवार, सकाळी १०.२६

मी या धाग्यावर दुसऱ्यांदा प्रतिसाद देतोय, माझ्या अकरा वर्षांतला हा विक्रम आहे.

---

टाळकरी | रविवार, दुपारी ३.१५

भाताकाका, एक विचारायचं होतं. ५१ व्या वर्षी पट्टी सापडते का? गणपतीला अजून तीन आठवडे आहेत.

---

भाता | रविवार, दुपारी ३.२२

कृती तीच. गॅलरीत जा, खालच्या वॉचमनला लांब हाक मारा, फोनवर रेकॉर्ड करा, मला पाठवा. ओरडायचं नाही.

---

टाळकरी | रविवार, दुपारी ३.४०

मारली हाक. रेकॉर्डिंग पाठवतो. पण वॉचमन वर आलाय, दारात उभा आहे. त्याला काय सांगू?